भरतीची तिथी आणि शिडाची नाव

गोंदिया जिल्ह्याला पाणी नवे नाही. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, इटियाडोहचे धरण आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना इकडे सर्वजण मामा तलाव म्हणतात, यांच्या काठी पिढ्या वाढल्या. पहाटेच्या धुक्यात डोंगा वल्हवीत जाळे टाकणारे ढिवर येथील मुलांनी पाहिलेले असतात. मात्र तलावाचे पाणी माणसाची वाट पाहते. सकाळी जा, संध्याकाळी जा, ते तेथेच असते. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, वर्षातील काही महिने लहान नावांना जवळही येऊ देत नाही, आणि त्याचा वारा सकाळी एका दिशेचा तर दुपारी दुसऱ्या दिशेचा असतो.

या जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबे सहलीसाठी कोकणाकडे निघतात तेव्हा नेमकी येथेच ओढाताण होते. गिरणीचा आणि अडतीचा व्यवसाय धानाच्या आवकेला बांधलेला. दिवाळी सरते न सरते तोच नवा धान बाजारात येऊ लागतो आणि मालकाला पेढीवरून हलता येत नाही. पुढे मुलांच्या परीक्षा. मग जानेवारीतील एखादी जोडून आलेली सुटी हेरून, रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर पार करून, चार दिवसांत सारा किनारा बघून परतायचे असा बेत आखला जातो. परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. समुद्राला या तिकिटाची कल्पना नसते.

पूर्वीच्या व्यापाऱ्यांना मात्र समुद्राच्या वेळापत्रकाची पूर्ण कल्पना होती. जलप्रवास हा आपल्या परंपरेला परका विषय आहे असा समज आज घराघरांत आढळतो, तो खरा नाही. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाने केलेल्या परिग्रहमर्यादेचे वर्णन येते. त्यात त्याने शेतजमीन, गोधन आणि गाड्यांबरोबर नावांचीही संख्या ठरवून घेतली आहे: दूरदेशी जाणाऱ्या चार आणि जवळची वाहतूक करणाऱ्या चार. व्रत घेताना नावा मोजाव्या लागल्या, म्हणजे त्या समाजात नावा होत्या आणि त्या वाढत जाण्याचा मोहही होता. दिग्व्रताचा विचारही अशाच लोकांसाठी आवश्यक होता. ज्याची पावले घराबाहेर पडतच नाहीत त्याला दिशांची मर्यादा कशाला लागेल?

ज्ञाताधर्मकथेतील मल्ली अध्ययनात चंपानगरीचे अर्हन्नक आदी व्यापारी समुद्रप्रवासाला निघतात. जहाजावर काय काय भरले याची यादी तेथे दिली आहे. गोंदियाच्या वाचकाला तिच्यात सर्वप्रथम दिसतो तो तांदूळ. त्यामागून पीठ, तेल, तूप, गूळ, पाणी आणि पाण्याची भांडी, औषधे, गवत, लाकूडफाटा. आप्तस्वकीय बंदरापर्यंत निरोप द्यायला येतात, सुखरूप परत या म्हणून डोळे भरून पाहत राहतात. इतक्या जुन्या ग्रंथातील हा प्रसंग आजच्या रेल्वे फलाटावरच्या निरोपाहून फारसा वेगळा नाही. फक्त पाण्याची भांडी आता विकत मिळतात.

त्याच ग्रंथातील माकंदी अध्ययन मात्र प्रत्येक घराने सहलीच्या आदल्या रात्री वाचावे असे आहे. माकंदी सार्थवाहाचे दोन पुत्र, जिनपालित आणि जिनरक्षित, अकरा वेळा लवणसमुद्र ओलांडून धन मिळवून सुखरूप परतले होते. बाराव्या वेळी आईवडिलांनी नको म्हटले. घरात पुरेसे आहे, आता कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मुलांनी हट्ट धरला, पुन्हा पुन्हा विचारले, आणि अखेर मन नसताना अनुमती मिळाली. भर समुद्रात वादळ उठले, जहाज फुटले आणि दोघे एका फळीच्या आधाराने रत्नद्वीपाला लागले. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. एकाने मागे वळून पाहिले आणि तो गेला. दुसरा एकटाच घरी परतला. या कथेचा आध्यात्मिक अर्थ साधुसाध्वीजी व्याख्यानांत सांगतात. तिचा संसारी भागही तितकाच खरा आहे. अकरा वेळा सुखरूप परतलेल्या माणसाला बाराव्या वेळी आकाशाकडे पाहावेसे वाटत नाही. घरातील ज्येष्ठांचा नकार पुष्कळदा नुसत्या भीतीतून येतो हे खरे. पण कधी कधी तो घरातील एकमेव शांत आवाज असतो.

आता वाऱ्याविषयी. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे हे शब्द सर्वांनी पाठ केलेले असतात. परीक्षेनंतर ते विसरले जातात. कोकणातील शिडाची होडी मात्र या दोन शब्दांवरच चालत आली. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हा मतलई. त्याच्या पाठबळावर तांडेल अंधारात होडी बाहेर काढीत. सूर्य वर आला की जमीन तापते आणि दुपारच्या सुमारास वारा उलटतो, समुद्राकडून किनाऱ्याकडे येऊ लागतो. हा खारा वारा होडीला घरी आणून सोडतो. हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसांत हा क्रम बराच नेमाने चालतो. जाणाऱ्याला जाण्याचा आणि येणाऱ्याला येण्याचा वारा एकाच दिवसात मिळावा, यापरती सोय कोणती? तिची एकच अट आहे. माणसाने वाऱ्याच्या वेळेला निघावे, आपल्या नव्हे.

भरतीओहोटीचे गणित तर जैन कुटुंबाच्या घरातच टांगलेले असते. अष्टमी, चतुर्दशी कोणत्या दिवशी येते हे पाहण्यासाठी जे पंचांग उघडले जाते, तेच कोकणातला नाखवा भरतीसाठी पाहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. त्या दिवसांत चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत असल्याने पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ विभागली जाते आणि पाण्याची चढउतार कमी राहते. ती भांगाची भरती. हिरवी भाजी वर्ज्य करण्याच्या पर्वतिथी आणि समुद्राच्या वळणाच्या तिथी अशा एकाच पानावर सापडतात. लहान मुलांना घेऊन प्रथमच होडीत बसायचे असेल तर भांगाचे दिवस बरे. ओहोटीच्या वेळी बंदरात पाणी इतके खाली जाते की पायऱ्यांवरून ज्येष्ठांना उतरविणे कठीण होते, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात शिडाच्या होडीत सहकुटुंब बसण्याचा सर्वांत सोपा अनुभव रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या राजपुरीला मिळतो. तेथून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या आजही डोलकाठीवर शीड उभारून निघतात. प्रवास थोडक्या मिनिटांचा. पण शीड वाऱ्याने भरते, होडी किंचित एका अंगाला झुकते, इंजिनाची घरघर नसल्याने पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो, आणि गप्पा मारणारी मुले एकदम गप्प होतात. सिद्दींचा तो किल्ला दुरून अखंड भिंतीसारखा दिसतो; दरवाजा अगदी जवळ गेल्यावर उलगडतो. दरवाजाशी होडी लाटेबरोबर खालीवर होत असते. खलाशी हात देऊन एकेकाला पायरीवर घेतो. तेथे पुढे घुसण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. गर्दीच्या सुटीत होडीत माणसे जास्त वाटली तर दुसरी होडी येईपर्यंत थांबावे. अर्धा तास जाईल, एवढेच.

घाईची किंमत या किनाऱ्याने फार मोठी मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढातील अमावास्येच्या तोंडावर, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी जाणारी, बाजारहाट करून परतणारी साधी माणसे होती ती. दिवस भर पावसाळ्याचा होता आणि तिथी उधाणाची. कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच समुद्राचा नवा हंगाम सुरू होतो, तो काही केवळ उत्सव म्हणून नव्हे. चातुर्मासात साधुसाध्वीजी एका जागी स्थिर होतात, जुने सार्थवाहही पावसाळ्यात तांडे थांबवीत, तशीच शिडाची गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेली असत.

ऋतू चांगला असला म्हणजे सारे निभावले असेही नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या बंदरात, घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या दिवशी वादळ नव्हते. प्रवाशांकडे जीवरक्षक जॅकेट असते तर कित्येकांना पाण्यावर टिकून राहता आले असते, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. म्हणून होडी दोन मिनिटांची असो वा दोन तासांची, जॅकेट अंगात घालून, पट्टे बांधूनच बसावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. ते वर सरकून डोक्यातून निघून जाते. लहान मापाचे नसेल तर त्या होडीत मुलाला बसवू नये. साडीवरून जॅकेट कसे दिसेल, छायाचित्र कसे येईल, ही चर्चा किनाऱ्यावरच संपवावी.

भोजनाचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधी निघतो आणि तो वाटतो तितका कठीण नाही. खाखरे, थेपले, सुखडी, शेंगदाण्याची चटणी हा शिधा चार दिवस उत्तम टिकतो. समुद्रावर जाण्यापूर्वी हलके खावे; भरल्या पोटी आणि अगदी रिकाम्या पोटीही होडी लागते. चौविहार करणाऱ्यांना एक लहानशी भेट मिळते. गोंदिया मुंबईच्या पूर्वेस सात रेखांशांहून अधिक अंतरावर आहे, त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य गोंदियापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा मावळतो. सकाळी मात्र नवकारसीची वेळही तितकीच पुढे जाते. घरच्या घड्याळाच्या सवयीने पच्चक्खाण पाळणाऱ्यांनी स्थानिक सूर्योदय पाहून घ्यावा. कोळीवाड्यातून जाताना मासळी वाळत घातलेली दिसेल, वासही येईल. होडी चालविणारा बहुधा त्याच वस्तीतला असतो. त्याच्या हाती आपली मुले सोपविलेली असताना नाक मुरडणे शोभत नाही. आपला डबा आपण खावा, त्याच्याशी आदराने बोलावे, आणि वारा कसा आहे हे त्यालाच विचारावे.

ज्यांना अधिक दिवस काढता येतात त्यांच्यासाठी किनारा दक्षिणेकडे उलगडत जातो. दिघी, दाभोळ, जयगड येथील खाड्या मोटारीसह फेरीबोटीने ओलांडता येतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात. एकेकाळी जेथे कासवांची अंडी चोरीला जात, तेथे 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या पुढाकाराने गावकरीच ती राखू लागले. तळहाताएवढे पिल्लू वाळूवरून लाटेकडे सरकते तेव्हा पाहणाऱ्यांना दोरीमागे उभे राहावे लागते. जीवदयेचा हा धडा मुलांना कोणत्याही पाठशाळेत इतक्या सहज मिळणार नाही. मालवणला शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये आरंभलेला सिंधुदुर्ग आहे, पण तेथपर्यंत जाऊन चार दिवसांत परतण्याचा अट्टहास करू नये.

वेळ कमी असेल तर ठाणेच पुरे. ओळीच्या दिवसांत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या श्रीपाळ राजाच्या रासात धवल शेठ संपत्तीच्या लोभाने श्रीपाळाला जहाजावरून समुद्रात ढकलतो आणि श्रीपाळ कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. विनयविजयजींनी रांदेरला हा रास आरंभिला आणि त्यांच्या कालधर्मानंतर यशोविजयजींनी तो विक्रम संवत 1738 मध्ये पूर्ण केला. ठाण्यातील टेंभी नाक्याजवळच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात या कथेची स्मृती जपली आहे. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीतून मुंब्रा आणि कळवा यांच्या आसपास जी खाडी दिसते, ती याच ठाण्याची. रात्रभर गाडीत झोपलेल्या मुलांना तेथे जागे करावे. अष्टमीची सकाळ असेल तर खाडी काठोकाठ भरलेली असेल. पौर्णिमा असेल तर नुसता चिखल दिसेल, आणि त्यात एका बाजूला कलून पडलेल्या होड्या दुपारच्या पाण्याची वाट पाहत असतील.