लिंबाशिवाय लिंबूफूल

सरबतात, ढोकळ्यात आपण घालतो ते लिंबूफूल आज बहुधा लिंबापासून बनत नाही. पूर्वी त्यासाठी इटलीची लिंबे लागत. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा विस्कळीत झाला. १९१७ मध्ये अमेरिकेच्या जेम्स करी यांनी दाखवले, की अ‍ॅस्परजिलस नायगर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल बनवते. कांद्यावर काजळीसारखी दिसते ती हीच. १९१९ मध्ये ब्रुकलिनला फायझरने उत्पादन सुरू केले. पुढे साखरेऐवजी मळीही वापरात आली. आंबवलेल्या द्रवातले आम्ल चुन्याने खाली बसवून मग शुद्ध करतात. हीच मळी ओढ्यात सोडली, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. मात्र भगिनींनो, घरातला बुरशी आलेला कांदा खाऊ नका. कारखान्यातली बुरशी निवडलेली असते.