खामगावची सरकी पेंड आणि फोनवरचा होकार

अहमदाबादच्या एका पेढीने लांब पल्ल्याच्या फोनवरून खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीशी सरकी पेंडीचा सौदा केला. पुढे माल मिळाला नाही म्हणून पेढीने अहमदाबादच्या कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांचं म्हणणं असं : होकार आम्ही खामगावात बसून दिला, तेव्हा करार झाला तोही खामगावात, अहमदाबादच्या कोर्टाचा इथे काय संबंध? हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली निकाल लागला. वकील मंडळी त्याला केडिया खटला म्हणतात.

या खटल्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निकालात नाही, वादाच्या विषयात आहे. भांडण होतं ते करार कुठे झाला यावर. स्टॅम्पपेपर नाही, सही नाही, म्हणून करारच नाही, असा मुद्दा तिथे नव्हता. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याच्या हिशेबी एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला, की बहुतेक व्यवहारांत करार उभा राहतो. कागद असतो तो मुख्यतः पुराव्यासाठी.

‘जसाच्या तसा’ हे शब्द मात्र जपून वाचावेत. ‘घेतो, पण पैसे पुढच्या महिन्यात देईन’ हा होकार नव्हे. तो नवा प्रस्ताव झाला, जुना तिथेच संपला, आणि आता हो-नाही म्हणायची पाळी समोरच्याची. दुकानाच्या काचेत किंमत लिहून ठेवलेली वस्तू हाही सहसा प्रस्ताव धरत नाहीत. ते गिऱ्हाइकाला दिलेलं आमंत्रण. प्रस्ताव गिऱ्हाईक ठेवतं, स्वीकारायचा की नाही ते दुकानदार ठरवतो. ‘दोन दिवसांत कळवलं नाहीत तर मान्य आहे असं समजू’, असं लिहून कुणालाही बांधून घेता येत नाही. १८६२ च्या एका इंग्लिश खटल्यात काकाने पुतण्याच्या घोड्याबद्दल असंच पत्र पाठवलं होतं. पुतण्याच्या मनात घोडा द्यायचा होता, पण त्याने काकाला तसं कळवलं नाही. कोर्टाने करार झालाच नाही असं ठरवलं.

पत्राने व्यवहार असेल तर होकाराचं पत्र पेटीत पडलं, की प्रस्ताव ठेवणारा बांधला जातो. मग फोनचं काय? केडिया खटल्यात बहुमताने सांगितलं की फोनवर दोघं जणू समोरासमोर असतात. होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला. प्रस्ताव अहमदाबादहून गेला होता, होकार तिथे ऐकला गेला, म्हणून दावा तिथेच चालेल. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांना हे पटलं नाही. कायद्यातले शब्द फोनलाही तसेच लागू होतात, होकार खामगावातून निघाला तिथेच काम झालं, असं त्यांचं मत पडलं. मला त्यांचा युक्तिवाद कलमाच्या शब्दांना अधिक धरून वाटतो. पण कायदा बहुमताचा.

दोघांचं जमलं एवढ्याने कोर्ट मदतीला येतं असं नाही. देवाणघेवाण लागते, कायद्याच्या भाषेत प्रतिफल. मामाने भाच्याला ‘पास झालास की मोटरसायकल देईन’ म्हटलं आणि दिली नाही, तर भाच्याने रुसावं, दावा लावू नये. मात्र जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तर प्रतिफलाशिवायही टिकतं. मुदत उलटून गेलेलं कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचनही टिकतं, हे सावकारापेक्षा ऋणकोने लक्षात ठेवावं. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी केलेला करार मुळातूनच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये कलकत्त्याच्या एका गहाणाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. धाकाने किंवा फसवून घेतलेला होकार ज्याच्याकडून घेतला त्याला मोडता येतो. बेकायदा कामाचा करार कुणालाच बजावून घेता येत नाही.

कागदाशिवाय अडतंच असे व्यवहारही आहेत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. महाराष्ट्रात भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. बिल्डरला विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी बुकिंग, मग कागद’ ऐकलंत की हा आकडा त्याला सांगावा.

करार मोडला तर काय मिळतं? शिक्षा नाही, भरपाई. पेंडीसारख्या मालात साधा हिशेब असा, की ठरल्या दिवशी बाजारभाव आणि ठरलेला भाव यांत जो फरक, तो. ओघाने होणारं नुकसान मिळतं, करारावेळी दोघांना ठाऊक असलेल्या खास कारणाने झालेलंही मिळतं, दूरदूरचं नाही. शिवाय आपलं नुकसान आटोक्यात ठेवायचे प्रयत्न आपणही करायचे असतात.

इसाराबाबत लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. ‘व्यवहार मोडल्यास सर्व रक्कम जप्त’ असं छापलं, की सगळं गेलं असं धरून लोक गप्प बसतात. १९६३ च्या फतेहचंद खटल्यात दिल्लीतल्या एका बंगल्याच्या सौद्यापोटी विकणाऱ्याकडे २५,००० रुपये आले होते. त्यांत इसार हजाराचा. सर्वोच्च न्यायालयाने तो हजार ठेवू दिला, पण उरलेले २४,००० जप्त करू दिले नाहीत, कारण तेवढं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. करारातला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी काय ते कोर्ट ठरवतं. लग्नाच्या हॉलची पावती हातात असेल, तर मागची बारीक अक्षरं हे डोक्यात ठेवून वाचावीत, आणि हॉल त्या तारखेला दुसऱ्याला दिला गेला का, तेही विचारून घ्यावं.