उमदा बोकड बाजाराला, खुरटा कळपाला

शेतकरी बंधूंनो, आपल्या गोठ्यातल्या करडांकडे एकदा नीट पाहा. जे करडू भराभर वाढते, त्याच्यावर व्यापाऱ्याची नजर आधी पडते. बकरी ईदला, जत्रेला त्याला भावही बरा येतो. मागे उरतो तो खुरटा बोकड, आणि तोच पुढे कळपातल्या शेळ्या भरवतो. असे चार-पाच पिढ्या चालले की उस्मानाबादीसारख्या जातिवंत शेळीचाही कस उतरतो. मग आपण म्हणतो, "जातच बिघडली!" बिघडेल नाहीतर काय?

त्यात एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवला की त्याच्याच पाटी त्याच्याकडून फळतात. अशा जवळच्या नात्यातली करडे अशक्त निपजतात आणि मरही वाढते.

शेळीसाठी रेतमात्रा

यावर एक उपाय म्हणजे कृत्रिम रेतन. निवडक बोकडाचे वीर्य बारीक कांड्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला गोठवून ठेवतात. कळपात एक बोकड 25-30 शेळ्यांना पुरतो, पण त्याच्या कांड्या गावोगाव पोचतात. मात्र कांडी घेताना बोकडाच्या आईने जुळी किती दिली, दूध किती दिले, याची नोंद विचारा. नुसते रूप पाहून भुलू नका.

खरी गोम माज ओळखण्यात आहे. शेळी सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा कमी खाते, योनीतून चिकट स्राव येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्या. संधी हुकली की 21 दिवस गेलेच! म्हणून रेतनाची तारीख वहीत लिहा. तीन आठवड्यांनी शेळी उलटली नाही तर गाभण असल्याची आशा धरावी. साधारण पाच महिन्यांनी ती विते.

मेंढीचे गणित निराळे

मेंढीच्या गर्भाशयाचे तोंड वेडेवाकडे असते. नळी आत जात नाही, त्यामुळे गोठवलेल्या वीर्याने मेंढ्या कमी फळतात. दुर्बिणीने थेट गर्भाशयात वीर्य सोडता येते, पण ते तज्ज्ञाचे काम. भ्रूण प्रत्यारोपणाचेही तसेच. ते संस्थांच्या प्रक्षेत्रावरच परवडते. मेंढपाळाने तिथला निवडलेला नर आणावा, हेच सोपे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या फलटणचे आहे. सुंदरबनातली गॅरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातला हा गुण देणारा जनुक निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. हा जनुक नरात आहे की नाही, हे रक्ततपासणीने कळते. पण ध्यानात ठेवा, दोन कोकरे म्हणजे दुप्पट दूध. गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात खुराक दिला नाही तर जुळ्यातले एक हाती लागत नाही.

गावाने काय करावे?

सरपंच व ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळीच्या रेतमात्रा मिळतात का, याची चौकशी करावी. मिळत नसतील तर चार-पाच पशुपालकांनी मिळून एक जातिवंत बोकड घ्यावा आणि दीड-दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी बदलावा. खुरट्या नरांचे वेळेवर खच्चीकरण करावे. आणि यंदा कळपातले सर्वांत चांगले जुळे करडू व्यापाऱ्याला दाखवूच नका!