इगतपुरीहून आल्यावर फरक पडला, पण कशाच्या तुलनेत?

गेल्या महिन्यात चहाला उभे असताना लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, "ताई, तू इगतपुरीला गेली होतीस ना? फरक पडला का? मी पण जाऊ का?"

तिचं दुसरं वर्ष संपत आलंय. चार महिने एकही धड रिझल्ट नाही, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही. मी "हो, जा की" म्हणणारच होते, पण अडखळले. कारण "फरक पडला" असं कुणी पेपरात लिहिलं असतं तर मीच पहिला प्रश्न टाकला असता: कशाच्या तुलनेत? तिला मी "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले. ही पोस्ट त्यातूनच झाली आहे.

आधी माझं सांगते. तिसऱ्या वर्षी माझ्या सेल कल्चरमध्ये वारंवार बुरशी येत होती. इन्क्युबेटर धुतला, मीडिया बदलला, तरी दर दुसऱ्या आठवड्याला तेच. शेवटी सुट्टी टाकली, खारघरहून ठाणे, ठाण्याहून कसारा लोकल आणि पुढे जीपने घाट चढून इगतपुरी. धम्मगिरीत दहा दिवसांचा विपश्यना कोर्स. फोन जमा, पुस्तक-वही बंद, बोलणं बंद. पहाटे चारला घंटा, साडेनऊला दिवे बंद, आणि मधे जवळजवळ दहा तास नुसतं बसायचं. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. फी नाही. कोर्स पूर्ण केल्यावर पुढच्यांसाठी इच्छा असेल तर दान द्यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला घड्याळाचा काटा हलतच नाही असं वाटलं. हे शिकायला दुसरीकडे गेलो असतो तर बरं, ही जागाच चुकीची, असं काय काय मनात येत होतं. नंतर कळलं की ही अवस्था सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंनी नोंदवून ठेवली आहे. एव्हाग्रियस नावाच्या साधूने चौथ्या शतकात तिचं वर्णन केलं: भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही, साधू सारखा खिडकीतून बाहेर बघतो, त्याला आपली खोली आणि आपलं काम नकोसं होतं, दुसरीकडे जावंसं वाटतं. तिला 'अकेडिया' म्हणतात. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही!

पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्यात दिवसाचे तास प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन यांत वाटून दिलेले आहेत. रिकामपण मनाला घातक, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्रेपन्नावं प्रकरण पाहुण्यांबद्दल आहे: दाराशी येणाऱ्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करायचं. त्यामुळे बेनेडिक्टाइन मठांत आजही संसारी माणसं काही दिवस राहायला जातात, साधूंच्या घंटेबरोबर उठतात आणि परत आपल्या नोकरीवर येतात. इगतपुरीची परंपरा वेगळी, बौद्ध. पण साचा ओळखीचा आहे. ठरलेले तास, कमी बोलणं, आणि संसार न सोडता थोडे दिवस आत राहणं. तिथली तर गुरूंची साखळीही गृहस्थांची. सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले व्यापारी, त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन बर्माचे अकाउंटंट जनरल राहिलेले. गोएंकांना तीव्र मायग्रेन होता, मॉर्फिन घ्यावं लागे. १९५५ मध्ये ते गुरूंकडे गेले तेव्हा डोकेदुखी बरी करायची म्हणून येत असाल तर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. ही गोष्ट गोएंका स्वतःच सांगत. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून धम्मगिरीत कोर्स सुरू झाले.

आता मूळ प्रश्न. मी परत आले तेव्हा शांत होते, झोप लागत होती, आणि दोन महिन्यांनी कल्चरही नीट चालू लागलं. श्रेय कुणाला?

पहिला संशयित म्हणजे सरासरीकडे परतणं. समजा, तुमचं मन रोज दहापैकी मोजलं. एरवी पाचच्या आसपास फिरतं, कधी सात, कधी दोन. तुम्ही मठात कधी जाता? दोनवर असताना. सातवर असताना कुणी सुट्टी टाकून इगतपुरी गाठत नाही. मग पंधरा दिवसांनी मोजलं तर काही न करताही आकडा वर आलेला असण्याचीच शक्यता जास्त. फक्त 'आधी' आणि 'नंतर' मोजणाऱ्या अभ्यासात हे लपून बसतं.

अमेरिकेत पेनसिल्वेनियात १४ जणांवर असा एक अभ्यास झाला. सात दिवसांचं ख्रिस्ती मौन-रिट्रीट, आधी आणि नंतर मेंदूचं स्कॅन. डोपामिन परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचं मोजमाप ५ ते ८ टक्क्यांनी कमी आलं. बातम्या अर्थात जोरात झाल्या. पण कंट्रोल ग्रुप नव्हता, आणि लेखकांनीही त्याला प्राथमिक अभ्यासच म्हटलंय. वाईट काम नाही ते. पुढचा प्रश्न विचारण्यापुरतं पुरेसं आहे, एवढंच.

दुसरा संशयित: सुट्टी. गाईडचा मेल नाही, लोकलची गर्दी नाही, जेवण आयतं. २०१६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ९४ स्त्रिया कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर सहा दिवस राहिल्या. काही नुसत्या सुट्टीवर, काही पहिल्यांदाच ध्यान शिकणाऱ्या, काही मुरलेल्या. सहा दिवसांनी तिन्ही गटांना बरं वाटलं आणि रक्तातल्या जनुकांच्या कामातही तिन्हींत सारखे बदल दिसले. म्हणजे पहिला मोठा फायदा सुट्टीचाच होता. फरक नंतर दिसला: दहा महिन्यांनी नव्याने ध्यान शिकलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सुट्टीवाल्यांपेक्षा कमी होती. यातला मला पटलेला धडा हा की, मोजायचंच असेल तर दाराबाहेर पडताना मोजू नका. दहा महिन्यांनी मोजा.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली रचना 'शमथ प्रोजेक्ट'ची. २००७, कोलोरॅडोच्या डोंगरात तीन महिने. ६० जण, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागलेले. अर्धे आत, अर्धे वेटलिस्टवर. पण वेटलिस्टवाल्यांच्या चाचण्या घरी घेतल्या नाहीत. त्यांनाही विमानाने त्याच डोंगरात आणलं, उंचीची सवय होऊ दिली आणि मग मोजलं. जागा, हवा, प्रवास सगळं सारखं. शिवाय वेटलिस्टवाल्यांनाही जायचंच होतं, त्यामुळे 'जाणारी माणसंच वेगळी' हा आक्षेपही गेला. रेषांच्या लांबीतला बारीक फरक ओळखणं आणि लक्ष टिकवणं यात आतला गट सरस ठरला.

याच प्रोजेक्टमधून टेलोमरेज या एन्झाइमची प्रसिद्ध बातमी आली: ध्यानाने पेशींचं आयुष्य वाढतं वगैरे. टेलोमरेज मोजलं होतं ते फक्त शेवटी, सुरुवातीला नाही. दोन गटांत फरक होता हे खरं, पण तो रिट्रीटमध्येच 'वाढला' असं सरळ म्हणता येत नाही. जर्नल क्लबला पेपर निवडताना हा जरूर घ्या. मेथड्स विभाग आधी वाचायची सवय लागेल.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच आकड्यात मला सापडली नाही. सातव्या की आठव्या दिवशी मला जाणवलं की बुरशी आली की मी स्वतःवर चिडत होते, कल्चरवर नाही. हे काही शांत होणं नव्हतं, उलट त्या दिवशी मी बरीच रडले. याला लक्षाची चाचणी काय पकडणार? इथे मुलाखती लागतात, डायऱ्या लागतात, तेच माणूस वर्षाने काय म्हणतं ते ऐकावं लागतं. आमच्यासारखे विज्ञानवाले त्याला 'सॉफ्ट डेटा' म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडायचे.

मुलाखतींनीच दुसरी बाजूही दाखवली. २०१७ मध्ये पाश्चात्त्य ध्यानसाधकांच्या मुलाखतींचा मोठा अभ्यास 'प्लॉस वन'मध्ये आला. त्यात भीती, झोप उडणं, वास्तवाशी नातं सुटल्यासारखं वाटणं, असे अनुभव तपशिलात आहेत. काहींना ते रिट्रीटमध्येच आले. धम्मगिरीच्या फॉर्ममध्येही मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअरला हे सगळं सांगितलं नाही, चहा थंड झाला असता. एवढंच म्हटलं: मला बरं वाटलं, पण त्यातलं किती इगतपुरीचं आणि किती नुसत्या बारा दिवसांच्या सुट्टीचं, ते मला वेगळं करता येत नाही. तू चार महिने झोपलेली नाहीस, तर आधी डॉक्टरला भेट. गेलीसच तर फॉर्ममध्ये ते खरं लिही, आणि झोप उडालेली असताना मौनात जाऊ नकोस.

ती जरा हिरमुसली. तिला "जा" ऐकायचं होतं. सध्या ती समुपदेशकाकडे जाते आहे आणि परवा पहिल्यांदा रात्री बारा ते सहा झोपली म्हणाली. इगतपुरीचं दिवाळीनंतर बघू, असं ठरलंय.