डब्लिननंतर

२०२५ साली स्नूकरला दीडशे वर्षं झाली. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडले आणि हा खेळ बसवला. त्याच २०२५ च्या मे महिन्यात शेफिल्डच्या क्रुसिबलमध्ये झाओ शिंतोंग विश्वविजेता झाला. पहिला चिनी, पहिला आशियाई. आनंद झाला, पण आत कुठेतरी बोचलंच.

जो डेव्हिसची पंधरा विजेतेपदं, रंगीत टीव्हीने इंग्लंडात घरोघरी नेलेला खेळ, हा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. माझा जीव अडकतो तो आपल्या ऐंशीच्या दशकात. १९८१ मध्ये मुंबईच्या मायकेल फरेरांनी पद्मश्री नाकारली. गावसकरांना पद्मभूषण, मग बिलियर्ड्सच्या विश्वविजेत्याला त्याहून खालचा मान का, एवढाच त्यांचा सवाल होता. त्यांना गर्विष्ठ म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो, आजही भांडेन. १९८३ मध्ये सरकारला पद्मभूषण द्यावंच लागलं.

पुढच्याच वर्षी ओम अगरवाल डब्लिनला हौशी खेळाडूंचे स्नूकर विश्वविजेते झाले. असा मान मिळवणारे पहिले भारतीय. १९८९ मध्ये मुंबईचा यासीन मर्चंट आशियाई विजेता. ते दिवस काय सांगावेत! क्लबातले मार्कर, म्हणजे गुण मोजणारे नोकर, सकाळी टेबलाचं हिरवं कापड ब्रशने एकाच दिशेने साफ करत, मग त्यावरून इस्त्री फिरवत. पावसाळ्यात कापड ओलसर व्हायचं, चेंडू जड पडायचा. खेळातली खाचखोच या मार्करांना सभासदांपेक्षा जास्त कळायची, पण त्यांच्या पोरांना त्या टेबलावर क्यू धरू द्यायचा नाही, हा तिथला रिवाज. क्लबाबाहेरचं पार्लर म्हणजे वाया गेलेल्या मुलांचा अड्डा, हे आईबापांचं ठाम मत. अशात डब्लिनच्या विजयाचं चीज कोण करणार?

पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००३ मध्ये तेच हौशी विश्वविजेतेपद चीनमध्ये जाऊन जिंकलं. दोनच वर्षांनी चीनच्या अठरा वर्षांच्या डिंग जुनहुईने बीजिंगमध्ये माजी विश्वविजेत्या स्टीफन हेंड्रीला हरवलं. त्या एका विजयावर चीनने अकादम्या उभ्या केल्या, स्पर्धा भरवल्या, पोरं इंग्लंडला धाडली. झाओ त्यातूनच वर आला. आपल्याकडे २०१३ मध्ये दिल्लीत व्यावसायिक मानांकन स्पर्धा आली, मुंबईचा आदित्य मेहता थेट अंतिम फेरीत डिंगसमोर उभा राहिला. आणि २०१९ च्या कोचीनंतर ती स्पर्धाच बंद. अगरवाल १९९४ मध्ये गेले. त्यांच्या नावाची एक अकादमी जबलपूरला काढायला कुणाचं काय अडलं होतं?