रानभाजीचं गाणं आणि दलदलीतली गिटार



पहिला पाऊस पडला की आपल्या चाळीसगाव भागात बांधावर तरोटा, तांदुळजा उगवतो. हातात पैसा नसला की हीच भाजी घर तारते. पण तिच्यावर गाणं होईल, असं कधी वाटलं होतं? अमेरिकेत तसं झालं. आज त्याविषयीच आम्ही सांगणार आहोत.

टोनी जो व्हाइट यांचा जन्म १९४३ सालचा, लुइझियाना राज्यातला. दलदलीचा मुलूख, घरची कापसाची शेती, सात भावंडांत हे धाकटे. तिकडच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखातून 'ब्लूज' हे गाणं जन्मलं. भावाने आणलेली लाइटनिन हॉपकिन्स यांची रेकॉर्ड ऐकून हा गोरा मुलगा त्या गाण्याच्या नादी लागला.

पुढे त्यांनी रेडिओवर बॉबी जेंट्री या गायिकेचं गाणं ऐकलं. त्यात शेतकऱ्याच्या घरातलं जेवण होतं, कापूस होता. मग त्यांनी ठरवलं, आपणही आपल्या ओळखीचंच लिहायचं. त्यातून 'पोक सॅलड ॲनी' तयार झालं. पोक नावाची रानभाजी खुडून घरच्यांचं पोट भरणाऱ्या गरीब मुलीचं हे गाणं. ही भाजी मुळात विषारी. कोवळी पानं पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकावं लागतं. अळूला चिंच लागते, हे आपण आजीकडून शिकतो ना, तसंच हे शहाणपण. १९६९ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. एल्विस प्रेस्ली यांनीही ते गायलं.

त्यांची गिटार वाजते कशी? तार ताणली की सूर कण्हल्यासारखा वर सरकतो. पायाखालचं पेडल दाबलं-सोडलं की तोंड उघडावं-मिटावं तसा 'वाव-वाव' आवाज येतो. तारांवर दबके फटके मारून ढोलकीसारखा ठेका धरतात. पहिल्या मात्रेवर जोर, मधे मोकळी जागा. याला 'फंक' म्हणतात. त्या मोकळ्या जागेतच ऐकणाऱ्याचा पाय हलू लागतो. गळा खर्जातला, अर्धं बोलणं, अर्धं गाणं. ओट्यावर बसून कुणी गोष्ट सांगावी तसं.

टोनी जो २०१८ मध्ये गेले, पण ॲनीची भाजी गाण्यात राहिली. आपल्याकडे जातं थांबलं, तशा ओव्याही थांबत चालल्या आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीत एखाद्या आजीला बोलवा. एक रानभाजी, ती शिजवायची रीत आणि एक ओवी विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. गरिबीतल्या भाजीची लाज कसली? तिनेच तर आपल्याला जगवलं.