बॅटरी ठेवायची कुठे?

सोलरच्या कामाला कोणाकडेही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पॅनल किती बसतील?" गिरगावातल्या खोताच्या वाडीत मात्र मी आधी जमीन बघतो. बाहेरून चढणारा लाकडी जिना, वरच्या मजल्याला फळ्या, डोक्यावर मंगलोरी कौलं. १५० ॲम्पिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलो भरते. अशा सहा ठेवणं म्हणजे चार-पाच धडधाकट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी करणं.

गिरगावात बॅटरी हवीच कशाला? बेस्टची वीज सहसा दगा देत नाही, हे खरं. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि भल्याभल्यांना इन्व्हर्टर आठवला. त्यातही पॅनल लावलं की काम झालं, अशी समजूत. तसं नसतं. लाइन गेली की बॅटरी नसलेला ग्रिडचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर दुरुस्तीला आलेल्या वायरमनला आपल्याच पॅनलचा शॉक बसायचा. बाहेर टळटळीत ऊन आणि घरात पंखा बंद!

वाडीतल्या एका घरात ही चर्चा रंगली होती.

"आंटी, वीज गेल्यावर काय काय चालू हवं?"

"सगळं."

"एसी पण?"

"तो तर आधी!"

दीड टनाचा एसी चालू असताना दीडेक हजार वॅट खातो. बॅटरीवर तो रात्रभर चालवायचा तर आंटींना झोपायची खोली बॅटऱ्यांना द्यावी लागली असती. एसी कटला. उरले दोन साधे पंखे, ७५ वॅटचे, सहा तास: ९०० वॅट-अवर. चार दिवे पाच तास: २००. राउटर ६०, फ्रिजचे धरले ३००. बेरीज १४६०. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते म्हणून ०.८५ ने भागलं. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून आकडा दुप्पट केला. आले ३४३५, म्हणजे १२ व्होल्टच्या १५० च्या दोन बॅटऱ्या.

एवढ्यात आंटींचा मुलगा कागद घेऊन आला. त्याच्या हिशेबात सहा होत्या. तीन दिवस ढग राहिले तर, म्हणून त्याने तिप्पट केलं होतं. हा हिशेब तारा न पोचलेल्या पाड्यावर बरोबर. वाडीत जुलैतल्या झडीतही बेस्ट बॅटरी भरून देते, म्हणून एका रात्रीची सोय पुरते. मी उलट त्याला पंखे बदलायला सांगितले. बीएलडीसी पंखा तीसेक वॅटवर फिरतो. बेरीज ९२० वर आली आणि दोनाच्या जागी २०० ची एकच बॅटरी पुरली. पंख्यांचा खर्च आंटींना जड वाटला, पण दुसऱ्या बॅटरीच्या किमतीपुढे तो काहीच नव्हता.

जागेवरून पुन्हा वाद. मुलाला जिन्याखालचं बंद कपाट हवं होतं. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्याला मोकळी हवा लागते. शेवटी तळमजल्यावरचा मागचा व्हरांडा ठरला: फरशी पक्की, ऊन नाही, डिस्टिल्ड वॉटर घालायला हात सहज पोचतो. लिथियम बॅटरी वजनाला कितीतरी हलकी, आणि तिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के वीज वापरता येते. वरच्याच मजल्यावर ठेवायची असती, तर मी तीच सुचवली असती. किंमत ऐकून आंटींनी विषय बदलला.

लॅमिंग्टन रोडला बॅटरी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढं विचारा: हे १५० सी-१० वरचे की सी-२० वरचे? सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू काढलेली वीज. तीच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर कमी देते. सोलरच्या बॅटरीवर सी-१० छापलेलं असतं. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढचं दुकान गाठा.